वर्तुळाबाहेरचं शिंग

मी शिंग बोलतोय. दारू पिण्याचं शिंग. लगेच नाक मुरडू नका. माझ्यातून प्यायलेली दारू दुसऱ्या दिवशी उतरते, पण माझ्यावर बोललेले शब्द उतरत नाहीत, आणि माझी सगळी कहाणी त्या शब्दांचीच आहे.

मला बूड नाही. पेला भरला की टेबलावर ठेवता येतो आणि माणूस मोकळा होतो. मला भरलं की कुणीतरी हातात धरावंच लागतं, आणि त्याचा हात अवघडला की पुढच्याकडे द्यावं लागतं. भरलेला असलो की हातोहात फिरायचं, रिकामा असलो की खिळ्याला लटकायचं. स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही, आणि माझ्या माणसांच्याही नाही.

माझा जन्म इंग्लंडातल्या लिंकनशरच्या टेकड्यांवर चरणाऱ्या एका लांब शिंगांच्या बैलाच्या डोक्यावर झाला, उजव्या बाजूला. डाव्या बाजूच्या भावाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. त्याची कोटाची बटणं झाली असं ऐकलंय. मला सिरिल नावाच्या कारागिराने उकळलं, आतला गाभा काढला, काचेने खरवडलं, घासून चकचकीत केलं आणि आतून मधमाश्यांचं मेण फिरवलं. सिरिल कामभर शिव्या द्यायचा, पण हात हलका होता त्याचा. एका जत्रेत त्याच्या मांडवात मी टांगलेला असताना थेल्मा ऑक्ली तिथे आली. तिने मला उचललं, आत नाक घालून वास घेतला, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हा येणार माझ्याबरोबर."

थेल्मा लिंकन शहरात बस चालवते. आवाज मोठा, राग त्याहून मोठा, आणि राग गेला की बिचारी दोन दिवस स्वतःलाच खात बसते. ती हीदन आहे. म्हणजे ओडिन, थॉर, फ्रेया या उत्तरेकडच्या जुन्या देवांना मानणारी, आणि सणाला गेलेल्या माणसांसाठी घास काढून ठेवणारी. असे काही लोक एकत्र जमले की त्या गटाला ते चूल म्हणतात. थेल्माची चूल अगदीच लहान. अँसेल हा इस्पितळातला नर्स, वर्णाने काळा, त्याचे आईवडील जमैकाहून आलेले. वेंडी शाळेत स्वयंपाक करायची, तिचा गुडघा कायम दुखायचा. आणि डग्लस, रेल्वेतला निवृत्त तिकीट तपासनीस, सगळ्यांत म्हातारा आणि सगळ्यांत खडूस.

ही मंडळी बसली की माझ्या तीन फेऱ्या होतात. पहिली देवांची, दुसरी गेलेल्यांची आणि तिसरी स्वतःच्या शब्दाची. मला हातात घेऊन माणूस जे कबूल करतो ते जगाच्या झाडाच्या मुळाशी असलेल्या विहिरीत जाऊन पडतं, असं हे मानतात. विहिरीत पडलेलं परत वर येत नाही. शब्द मोडला तर बोलणाऱ्याचंच नव्हे, तो ऐकत बसलेल्या सगळ्यांचं बरं-वाईट त्यात अडकतं. म्हणून शब्द पडायच्या आधी त्याला अडवून प्रश्न विचारणारा एक माणूस प्रत्येक चुलीत असतो. आमच्याकडे हे काम डग्लसचं. जन्मभर तिकिटं तपासली, मग शपथा तपासायला लागला.

एकदा अँसेल मला उंच धरून म्हणाला की मी सिगारेट सोडतो. डग्लसने चष्मा पुसला. आजपासून की उद्यापासून? रात्रपाळीत काय करशील? तुझ्या बहिणीच्या लग्नात मेहुण्याने पुढे केली तर? अँसेलला घाम फुटला. शेवटी तो 'घरात ओढणार नाही' इथवर खाली आला, आणि तेवढं मात्र त्याने पाळलं. डग्लसचा राग कुणालाच यायचा नाही. अडवणं ही त्याची माया होती, हे चुलीतल्या सगळ्यांना कळायचं.

पण जगात फक्त आमची चूल थोडीच आहे? दर उन्हाळ्यात हॅल्टनबीच्या एका शेतात पेगनांचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व जुने धर्म मानणाऱ्यांचा, मेळा भरतो. चेटकीविद्या मानणारे, झाडं-निसर्ग पुजणारे पांढऱ्या झग्यातले ड्रुइड, देवीमातेचे भक्त आणि अजून काही ठरवलेलं नाही असे, सगळे तंबू ठोकतात. बाहेरच्या जगाला हे सगळे एकच, पेगन. ऑफिसातले टोमणे सगळ्यांच्या वाट्याला सारखेच येतात. आत मात्र आमची मंडळी म्हणजे लग्नघरात आलेले लांबचे नातेवाईक. लाकडं फोडायची आहेत? हीदनांना सांगा. गाड्या चिखलात रुतल्या? हीदनांना बोलवा. डग्लसने त्या शेतात वर्षानुवर्षं लाकडं फोडली. पूजा सांगायला मात्र आमच्यातल्या कुणाला कधी बोलावणं आलं नाही.

मेळ्याची सुरुवात वर्तुळाने होते. सगळे हात धरून गोल उभे राहतात, चारी दिशांना हाक मारतात आणि मग सगळ्या देवी ही एकच माता असं म्हणतात. थेल्मा हात धरायची, पण या वाक्याशी आली की ओठ मिटून घ्यायची. मेळा चालवणारी जिनेट तिच्याच गल्लीत राहते, तिची जुनी मैत्रीण. एकदा चहा पिताना जिनेटने विचारलंच की तुला त्यात एवढं खुपतं काय.

थेल्मा म्हणाली, "तुझी मावशी आणि माझी मावशी एकच, असं मी उद्या म्हटलं तर चालेल तुला?"

"माझी मावशी तुला चालणार नाही गं, फार घोरते ती," जिनेट म्हणाली. दोघी खूप हसल्या, आणि पुढच्या वर्षी थेल्मा पुन्हा त्याच वर्तुळात ओठ मिटून उभी राहिली.

तिने जावं तरी कुठे? आमच्यासारखंच थॉरच्या हातोडीचं पदक गळ्यात घालणाऱ्यांत काही लोक गोऱ्या रक्ताच्या गोष्टी करतात. तसले दोघं एकदा आमच्याच चुलीत आले होते. अँसेलकडे बघून एकाने काहीतरी पुटपुटलं, तेव्हा थेल्माने त्याच्या हातातली जेवणाची ताटली काढून घेतली आणि दोघांना दार दाखवलं. त्यांच्यामागे आणखी चारजण गेले आणि चूल अर्धी झाली. तसल्यांना थेल्मा नको आणि मेळ्यातल्यांना ती नीटशी कळत नाही. मी खिळ्यावरून हे सगळं बघायचो.

मग एका वर्षी जिनेट स्वतः घरी आली आणि म्हणाली की या खेपेला मेळ्यातली शनिवारची संध्याकाळ तुमची. तुमच्या तीन फेऱ्या सगळ्यांना बघायच्या आहेत, बसायचंय तुमच्याबरोबर. थेल्माने तिच्यासमोर फक्त मान हलवली. जिनेट फाटकाबाहेर गेल्यावर तिने मला खिळ्यावरून काढलं आणि छातीशी धरून स्वयंपाकघरात गोल गोल फिरली. वेंडीने मनुकांचे पाव भाजले. डग्लसने चक्क दाढी नीट कापून घेतली.

त्या संध्याकाळी मी एवढ्या हातांतून फिरलो की काठ पुसायलाही फुरसत नव्हती. देवांची फेरी छान झाली. गेलेल्यांच्या फेरीत कितीतरी जण रडले, आणि जिनेटने आपल्या घोरणाऱ्या मावशीचं नाव घेतलं, ती त्याच हिवाळ्यात गेली होती. थेल्माचा चेहरा उजळला होता. मग तिसरी फेरी सुरू झाली आणि लायनेलने मला हातात घेतलं.

लायनेल दातांचा डॉक्टर आणि ड्रुइड. माणूस वाईट नाही, पण त्याला आपला आवाज फार आवडतो. मला आभाळाकडे उंचावून तो म्हणाला, "येत्या वर्षभरात मी ओकची हजार झाडं लावीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मेळ्यात असं बोलणं म्हणजे आशीर्वाद, कुणी त्याचा हिशोब ठेवत नाही.

डग्लस उभा राहिला. "कुठे लावणार, डॉक्टर?"

लायनेल हसला. डग्लस हसला नाही. जमीन कुणाची, रोपं कुठली, हरणांपासून राखणार कोण, एवढं त्याने शांतपणे विचारलं. आमच्या चुलीत याच्याइतका मान दुसरा नाही. तुझा शब्द मला एवढा मोलाचा वाटतो की तो मी तसाच पडू देणार नाही, असा त्याचा अर्थ. पण तिथे ते भर मांडवात नवऱ्या मुलाचा पगार विचारल्यासारखं झालं. लायनेलचे कान लाल झाले. त्याने मला कसंबसं शेजारच्या हातात दिलं आणि तो उठून तंबूकडे गेला.

मग कुजबुज सुरू झाली. जिनेट येऊन डग्लसला म्हणाली की हे काही बरं झालं नाही, इथे लोक मोकळं व्हायला येतात, उलटतपासणीला नाही. आणि मागून एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "हातोडीवाल्यांना जवळ केलं की असंच होणार. आतून सगळे तसलेच असतात, गोऱ्यांचं राज्य मागणारे."

अँसेल माझ्या शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "असं का? मला अजून कुणी कळवलं नाही."

थोडे लोक हसले. पण त्या बाईला कुणी गप्प बस म्हणालं नाही. जिनेटही नाही. तिला काय बोलावं ते सुचलं नसेल, पण थेल्मा तिच्या तोंडाकडे बघत होती आणि ते तोंड उघडलं नाही. त्याच क्षणी थेल्माने मला हिसकावून घेतलं.

ती म्हणाली, "जिवंत असेपर्यंत मी तुमच्या वर्तुळात उभी राहणार नाही. मी नाही आणि माझी चूलही नाही."

मी डग्लसची वाट बघत होतो. विचार की रे म्हाताऱ्या. जिवंत असेपर्यंत म्हणजे किती? जिनेटचं काय? वेंडीला विचारलंस का, अँसेलला विचारलंस का? एक प्रश्न पुरे होता, ती भानावर आली असती. पण डग्लस खाली मान घालून बसला होता. जन्मात पहिल्यांदा प्रश्न विचारल्याबद्दल त्याने बोलणी खाल्ली होती, आणि नेमका तेव्हाच तो मूग गिळून बसला. थेल्माने घोट घेतला. शब्द विहिरीत पडला.

त्यानंतरचे उन्हाळे मला आठवायलाही नको वाटतात. मेळ्याचा आठवडा आला की थेल्मा उगाच कपाटं आवरायची, अंगण झाडायची, सुट्टी असून बसच्या जादा फेऱ्या मागून घ्यायची. जिनेटशी बोलणं बंद झालं नाही. मुरंब्याच्या बरण्या इकडून तिकडे जायच्या, एकीच्या मांजराला दुसरी खायला घालायची. मेळा मात्र दोघींच्या तोंडी यायचा नाही. आमच्या फेऱ्या चालूच होत्या, पण चारच हात. सुरू होतो न होतो तोच मी परत यायचो. वेंडी एकदा म्हणाली की हे म्हणजे पत्त्यांचा डाव झाला.

शब्द परत घेता येतो का, असं थेल्माने डग्लसला एकदाच विचारलं.

तो म्हणाला, "घट्ट झाला म्हणून बदलायला तो काय सदरा आहे? पोरी, मी तेव्हा तुला अडवायला हवं होतं. आता तुला तो पाळावा लागेल आणि मला तो बघावा लागेल."

डग्लस फेब्रुवारीत गेला. खुर्चीत बसल्या बसल्या, चष्मा हातात. त्याची भाची कॅनडात, तिला येणं जमेना. त्याने सांगून ठेवलं होतं की मला कुरणात पुरा, वेताच्या पेटीत, आणि भाड्याचे खांदे नकोत. पेटीला सहा खांदे लागतात. चुलीत थेल्मा, अँसेल आणि गुडघा धरून चालणारी वेंडी.

दुसऱ्या दिवशी जिनेट कुंपणाशी आली. "शनिवारी आम्ही येतोय," ती म्हणाली. "मेळ्यातले सगळे. त्याने आमच्यासाठी एवढी लाकडं फोडली, थेल्मा. आम्ही येणारच."

थेल्माच्या हातात ओली चादर होती, ती पिळतच राहिली. या लोकांची रीत तिला ठाऊक होती. कुणीही जावो, ते त्याच्याभोवती हात धरून गोल उभे राहतात. त्यांना दुसरं काही येतच नाही. त्या गोलात ती उभी राहिली तर ज्या माणसाने जन्मभर शब्द राखले त्याच्याच खड्ड्याशी तिचा शब्द मोडणार. आणि येऊ नका म्हणावं तर डग्लसला पोचवायला तीन माणसं.

"या," ती शेवटी म्हणाली. "पण मी तुमच्यात उभी राहणार नाही. मी लांब झाडाखाली थांबेन. मला राहता येणार नाही, जिनेट. मला राहायचंय, पण राहता येणार नाही." आणि ती चादरीत तोंड घालून रडली. जिनेट तशीच निघून गेली. मला तिचा फार राग आला. निदान हात तरी धरायचा होता.

शनिवारी वारा सुटला होता. कुरणात ते सगळे आले, रबरी बूट, जाड कोट, कुणी झगा घातलेला. लायनेल पुढे झाला, थेल्माला काहीच न विचारता पेटीखाली खांदा दिला, आणि त्याच्यामागून आणखी तिघं आले. थेल्मा आणि अँसेल पुढे होते. वेंडीने मला कुशीत धरलं होतं आणि ती लंगडत मागून येत होती. पेटी खड्ड्याशी उतरवली. मग ते लोक सवयीने पांगायला लागले, बाजूच्याचा हात शोधायला लागले. गोल होऊ लागला. थेल्माने वेंडीकडून मला घेतलं आणि ती झाडाकडे वळली.

"हात सोडा," जिनेट म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला? हात सोडा. रांग करा."

सुरुवातीला सगळा गोंधळ. जन्मभर गोल उभं राहिलेल्या माणसांना रांग कशी करायची ते कळेना, दोनदा तर रांग पुन्हा वाकून गोलच व्हायला लागली. जिनेटने एकेकाचा दंड धरून त्याला जागेवर लावलं. खड्ड्यापासून कुरणाच्या फाटकापर्यंत एकच लांब रांग झाली, एका बाजूला, सगळ्यांची तोंडं डग्लसकडे. मग ती झाडाखाली आली.

"वर्तुळ नाहीये," ती म्हणाली. "ये आता."

थेल्माने रांगेकडे पाहिलं. पुन्हा नीट पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डग्लसने तिकीट बघावं तसं. मग ती जाऊन खड्ड्याजवळच्या टोकाला उभी राहिली आणि जिनेट तिच्या शेजारी.

तिने मला भरलं. डग्लसचं नाव घेतलं, घोट घेतला आणि मला जिनेटच्या हातात दिलं. रांगेत मी अजून कधी फिरलो नव्हतो. गोलात फिरत फिरत मी आपोआप घरी येतो. इथे मी फाटकापर्यंत गेलो, शेवटच्या माणसाच्या हातात, आणि पुढे कुणीच नाही. मग त्याने मला वळवलं आणि ज्या हातांतून गेलो त्याच हातांतून मी परत निघालो. त्यामुळे प्रत्येकाच्या हातात मी दोनदा आलो. पहिल्यांदा लोक जे बोलायचं ते बोलले, भला माणूस होता, कष्टाळू होता. दुसऱ्यांदा सांगायला ठेवणीतलं काही उरलं नव्हतं. मेळ्यात मागून बोललेली ती बाईही रांगेत होती. परतीच्या फेरीत ती अँसेलकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी मी वाईट बोलले." अँसेल म्हणाला, "हो, बोललात." त्यापलीकडे तो काही म्हणाला नाही, पण तिच्या गार पडलेल्या हातांतून त्याने मला अलगद काढून घेतलं.

परत येताना जिनेटच्या हातात मी जरा जास्तच वेळ थांबलो. ती म्हणाली, "मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं." मग तिने मला थेल्माकडे दिलं. थेल्माने उरलेली मधाची दारू डग्लसच्या पेटीवर ओतली. तिचा शब्द शाबूत होता आणि ती एकटी नव्हती.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. उन्हाळा आलाय. जिनेट म्हणते की यंदा मेळ्याची सुरुवातही रांगेने करायची. समितीत यावरून रोज भांडणं होतात. मूठभर लोकांसाठी आपली रीत का सोडायची असं काहीजण विचारतात, आणि लायनेल त्यांना उत्तरं देतो, पहिल्यासारखाच लांबलचक. काय ठरेल ते मला माहीत नाही. थेल्मा सकाळी जायचं म्हणते आणि दुपारी नाही म्हणते.

थेल्मा, शब्द तू मोडू नकोस. मोडलास तर सगळ्यात आधी मीच तुला माफ करणार नाही. आणि पुन्हा रागात मला हात लावू नकोस, अडवायला आता डग्लस नाही. पण तिकडे रांग लागणार असेल तर मला खाली काढ, बाई. तुझ्या शेजारची जागा जिनेट कुणाला देणार नाही.